पाव किलो

आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या खाण्याची यादी हातात घेतली आणि दुसऱ्याच ओळीवर त्या अडल्या. पहिल्या ओळीत चहा होता, दिवसातून चार वेळा, साखरेसकट. त्यावर त्यांनी नुसती भुवई वर केली. दुसऱ्या ओळीत मी लिहिलं होतं, 'सकाळी ब्रुन-मस्का, कधी कधी.' या 'कधी कधी'वर शेजारी बसलेली बायको खोकली.

"ब्रेड बंद," बाई म्हणाल्या.

"ब्रुन म्हणजे तसा ब्रेड नाही हो, तो..."

"पाव, ब्रुन, बन, सगळं बंद. मैदा आहे तो. पोटाला काय झालंय ते कळतंय ना?"

माझ्या पोटाला काय झालंय ते लोकलमध्ये माझ्या शेजारी चौथ्या सीटवर लटकणाऱ्याला रोज कळतं, मला न कळायला काय झालं? उंची पाच फूट सहा इंच, वजन ८६ किलो. पण वाईट वाटलं ते पुढेच. यादीची अजून दोन पानं शिल्लक होती. रविवारचं मटण, सोमवारी उरलेलं मटण, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक, मॅच बघताना लागणारा चिवडा, मॅच नसताना लागणारा चिवडा, वरणभातावरचं तूप, आणि अन्न वाया जाऊ नये या उदात्त हेतूने मुलाच्या ताटातून उचललेलं सगळं. या दोन पानांवरून बाईंची नजर भरभर खाली घसरली. त्यांना हवा तो सापडला होता. गावात चोरी कुठेही होवो, हवालदार आधी गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्यांकडेच जातो, तसंच झालं.

कारण पाव आपल्याकडे अजून उपराच आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. रोटीला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे तोच नाकातून थोडा सोडवून आपण 'पाव' केला. म्हणजे येऊन पाचशे वर्षं होऊन गेली. त्याच पोर्तुगीजांच्या मागून आलेल्या मिरचीचा आपण ठेचा केला आणि ती आपलीच म्हणून जगाला दाखवली. बटाट्याला तर थेट उपासाच्या ताटात नेऊन बसवलं. एकादशीला विठोबाच्या नावाने खाल्ला जाणारा हा गृहस्थ समुद्र ओलांडून आलाय हे कुणाच्या ध्यानातही नाही. पाव मात्र दारातच राहिला. वसईकडे आणि गोव्यात जुनी माणसं सांगायची की फिरंग्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने पाणी भरलं, आणि दुपारी कळलं की गाव बाटलं. खरंखोटं त्या विहिरीला ठाऊक. पण विहिरीत विरघळलेल्या चतकोर पावाने अख्ख्या गावाचा धर्म बुडू शकतो, असं मानणाऱ्यांचे आपण वंशज. दोन स्लाइसने माझं डाएट बुडतं, हे आम्हाला पटायला वेळ लागत नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आईचं वय ८२. तिला जराही नवल वाटलं नाही.

"मी तर पहिल्यापासून सांगते. अरे, पायाने मळतात तो. म्हणून तर पाव म्हणायचं."

मी पोर्तुगीज शब्दाची हकीकत सांगितली. आमच्या घरात आईपुढे कुठलाही शब्दकोश टिकत नाही, तिथे पोर्तुगीजांची काय कथा.

पण हीच आई, मी सहावीत असताना कावीळ होऊन काडीसारखा झालो तेव्हा, मला दूध-पाव भरवत होती. आमच्या चाळीत ब्रेडचा पुडा खिडकीत दिसला की पलीकडच्या बिऱ्हाडातून प्रश्न यायचा, "कोण आजारी आहे?" हॉस्पिटलात कुणाला भेटायला जायचं तर अर्धा डझन मोसंबी आणि ब्रेडचा पुडा, हा ठरलेला अहेर. सरकारी हॉस्पिटलातही सकाळी दूध, अंडं आणि पाव. खुद्द सरकारने १९६५ साली खास कंपनी काढून देशाला मॉडर्न ब्रेड खाऊ घातला आणि २००० साली ती कंपनी विकून मोकळं झालं. मधल्या काळात मी वाढलो. तेव्हा सगळे म्हणायचे, "पाव दे त्याला, हलका असतो. अंगी लागेल." आजाऱ्याला हलका आणि जाड्याला जड, असा हा एकमेव पदार्थ असावा.

मी एकतीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत. व्हाउचर बघितल्याशिवाय मी कुणाच्या नावे खर्च टाकत नाही. मग स्वयंपाकघरात ठेवायचा एक छोटा डिजिटल काटा आणला आणि घराचं ऑडिट सुरू केलं.

पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस, ५४ ग्रॅम. शंभर ग्रॅमला साधारण २६५ कॅलरी धरल्या तर झाल्या १४३. आता पोळी. बायकोने कणकेचा गोळा काट्यावर ठेवायला आधी नकारच दिला. "पोळ्या वजनावर लाटायला मी काय मेस चालवते?" शेवटी ती देवघरात गेल्याची संधी साधून मी एक गोळा मोजला आणि त्यातलं पाणी वजा केलं. कोरडी कणीक ३५ ग्रॅम, शंभराला ३४० या दराने ११९ कॅलरी. घडीत लावायचं तेल आणि उतरवल्यावर फिरवायचं तूप मिळून एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. पिठातला स्टार्च आणि साखर ग्रॅमला ४ कॅलरी देतात, तेल-तूप ९ देतं. आणखी ४५. एकूण १६४.

मी जोरात वाचलं, "एक घडीची पोळी १६४, दोन स्लाइस १४३!" आणि उत्साहाच्या भरात पुढेही बोलून गेलो, "आणि पोळ्या मी चार खातो!"

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं. काही आकडे ताळेबंदात कितीही बरोबर असले तरी ते सभेपुढे वाचायचे नसतात, हे एकतीस वर्षांत मला ऑफिसात कळलं होतं. घरात कळायचं राहिलं होतं.

"उद्यापासून तुम्ही ब्रेडच खा," बायको म्हणाली. हे तिने परवानगी म्हणून म्हटलं नव्हतं.

पोळीवर अन्याय नको, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. तिच्यात कोंडा असतो, मैद्यातून तो काढून टाकलेला असतो. पोळी चावावी लागते, भाजी-आमटीबरोबर जाते, पोटात जाऊन बसते. मऊ पांढरा ब्रेड मात्र पोटात गेल्याचं पोटाला समजतच नाही. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि मंडळींनी याचंच मोजमाप केलं. ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचाच वाटा लोकांना खायला दिला आणि पुढे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारत राहिले, पोट कितपत भरल्यासारखं वाटतंय? (आमच्याकडे हे काम लग्नाच्या पंगतीत यजमान करतात, पण त्याची नोंद कुणी ठेवत नाही.) पांढऱ्या ब्रेडला त्यांनी १०० गुण धरले आणि बाकीच्यांना त्या मापाने मोजलं. संपूर्ण गव्हाचा ब्रेड १५७. लोण्याच्या पदरांचा क्रॉसाँ सगळ्यांच्या तळाशी, ४७. आणि सगळ्यांच्या वर, ३२३ गुण मिळवून पहिला आला तो उकडलेला बटाटा.

हे वाचून मला बटाटेवड्याबद्दल फार वाटलं. एवढा गुणी बटाटा, वर्गात पहिला. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी त्याला पावात घातला तेव्हापासून मुंबई त्याच्यावर चालते. पण पावात जाण्याआधी तो बेसनात बुडतो आणि तेलात उतरतो, आणि तिथे त्याचे सगळे गुण संपतात. एका वडापावाच्या जवळपास ३०० कॅलरी धरतात. त्यातल्या पावाच्या वाट्याला येतात शंभरेक. बाकीच्या दोनशे कुणाच्या नावे टाकायच्या? बोलताना मात्र माणसं म्हणतात, "आज पाव खाल्ला, आता रात्री जेवत नाही."

व्हाउचर तपासता तपासता माझ्या लक्षात आलं ते हे की पाव एकटा कधी सापडतच नाही. कोरडा पाव हातात घेऊन चाललेला माणूस तुम्ही पाहिलाय का? पाहिला असेल तर तो तलावावर माशांना घालायला निघालेला असतो. ब्रुनवर आमच्या इराण्याचा हात सढळ. त्याने फासलेला मस्का मी घरी आणून खरवडून मोजला, २० ग्रॅम भरला. १४५ कॅलरी, म्हणजे खाली जेवढा ब्रुन, तेवढंच वर लोणी. पावभाजीवाला तर लोण्याची वडी तव्यावर सोडतो आणि पाव उघडून त्यावरून असा फिरवतो, जसं काही फरशीवर सांडलेलं फडक्याने टिपायचंय. टिपून झालं की ते फडकं आपल्या ताटात येतं. मिसळीतही तेच. पहिले दोन पाव भुकेला असतात, तिसरा तर्री संपवायला मागवतात, आणि चौथा तिसऱ्यातला उरलेला अर्धा वाया जाऊ नये म्हणून थोडी तर्री मागवल्यावर लागतो. अशा संगतीत राहून पोलिसांच्या यादीत नाव आलं तर नवल नाही, पण पावाचा स्वतःचा गुन्हा एवढाच की तो नाही म्हणत नाही, जे मिळेल ते शोषून घेतो. माझ्या ऑफिसात असा एक जण होता. सगळ्यांच्या चुका त्याच्या सहीने निघायच्या.

बायकोने मग तडजोड म्हणून ब्राउन ब्रेड आणला. डाएट करणाऱ्यांच्या घरात ब्राउन ब्रेडला साधारण सोवळ्यातल्या माणसाचा मान असतो. मी भिंग घेऊन पुडा वाचायला बसलो. त्यावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जो सगळ्यात जास्त तो पहिला. पहिला होता मैदा. त्यामागे थोडं गव्हाचं पीठ, मग साखर, यीस्ट, मीठ वगैरे, आणि पार शेवटी अगदी नम्रपणे उभा असलेला 'रंग: १५०ए'. हा १५०ए म्हणजे कॅरमल, जळत आलेली साखर. मी घेतलेला ब्रेड म्हणजे पांढराच ब्रेड होता, मे महिन्यात गावी जाऊन आलेला. मल्टिग्रेनच्या पुड्यावर पहिलं नाव तेच होतं. धान्यं बहुतेक वरच्या कडेला चिकटलेली, कबुतरांना टाकतात तशी.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी आमचा चालणाऱ्यांचा घोळका जमतो. चालणं तीन फेऱ्या, बसणं पाऊण तास. तिथे ब्रेडविरुद्ध एकमत आहे. "मी तर तीन वर्षं ब्रेडला शिवलो नाही," असं एक निवृत्त गृहस्थ सांगत होते आणि त्याच वेळी चहात खारी बुडवत होते. खारीचे पापुद्रे मैद्याच्या अंगच्या गुणाने सुटत नाहीत, प्रत्येक घडीत वनस्पती तूप भरलेलं असतं तेव्हा ते सुटतात. मी तसं सुचवल्यावर त्यांनी खारी बाजूला ठेवली आणि टोस्ट घेतला. टोस्ट म्हणजे गोडसर ब्रेडच, दुसऱ्यांदा भट्टीत जाऊन आलेला. दुसऱ्या भाजणीत उडतं ते पाणी. कॅलरी जिथल्या तिथे, उलट हलक्या झालेल्या टोस्टचे आपण दोनाऐवजी पाच खातो. पण हे मी बोललो नाही. सकाळी फिरायला सोबत लागते.

त्याच घोळक्यातल्या एका बाईंनी ग्लुटेनमुळे ब्रेड सोडलाय. पोळी चालू आहे. ती गव्हाची असते, म्हणून चालते म्हणाल्या.

खरं आव्हान दिलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरने. त्याने ब्रेड, पोळी, भात सगळं एकदम बंद केलं आणि आठव्या दिवशी लिफ्टमध्ये जाहीर केलं, "काका, दोन किलो!" मी हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दोन किलो खरोखर चरबीच जायची तर त्याला दिवसाला सुमारे १९०० कॅलरींची तूट काढावी लागली असती, म्हणजे जवळजवळ निर्जळी एकादशी, तीही आठवडाभर. मग गेलं काय? गेलं पाणी. पिठूळ पदार्थांतून आलेली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वरून पुरवठा बंद झाला की शरीर साठा उपसतं आणि पाणीही सोडून देतं. काटा खाली येतो, पोटाचा घेर आहे तिथेच. रविवारी त्याने मित्राच्या हळदीला जेवण केलं आणि सोमवारी लिफ्टमध्ये वजनाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. लिफ्ट लहान आहे.

हे सगळं सुरू कुणी केलं, म्हणून मी मागे मागे गेलो तर थेट लंडनच्या एका अंत्यसंस्कारवाल्यापर्यंत पोचलो. विल्यम बँटिंग. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचं काम या घराण्याच्या पेढीकडे असायचं, म्हणजे माणसाचं वजन शेवटी किती जणांना उचलावं लागतं याचा त्याला अनुभव होता. वय ६६, उंची माझ्यापेक्षा एक इंच कमी, वजन २०२ पौंड, म्हणजे ९२ किलोच्या घरात. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. जिना उतरताना उलटं, पाठमोरं उतरावं लागे. कुणी सांगितलं होडी वल्हवा. त्याने वल्हवली, तर भूक अशी खवळली की वजन वाढलं. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांनी कानाऐवजी पोटावर बोट ठेवलं. ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद. वर्षभरात बँटिंग ४६ पौंडांनी उतरला आणि १८६३ साली त्याने स्वतःच्या खर्चाने एक पत्रक छापून लोकांना फुकट वाटलं. ते इतकं गाजलं की स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही त्याच्याच नावावरून 'बांता' म्हणतात.

मी ते पत्रक मन लावून वाचलं. आणि काय सांगू! ब्रेड सोडणाऱ्यांच्या या आदिपुरुषाच्या न्याहारीत मांसाबरोबर एक औंस कोरडा टोस्ट आहे. दुपारच्या जेवणात पुन्हा एक औंस. संध्याकाळी चहाबरोबर एक-दोन रस्क. शिवाय दुपारी दोन-तीन ग्लास वाइन, आणि रात्री झोप नीट लागावी म्हणून गरज पडल्यास एक पेला ग्रॉग, म्हणजे पाणी घातलेली दारू. दीडशे वर्षांत हे पथ्य हातोहात आमच्यापर्यंत येता येता त्यातली वाइन कुठेतरी सांडली, टोस्ट कुणीतरी खाल्ला, आणि माझ्या हातात आलं ते फक्त 'ब्रेड बंद'.

बँटिंगचा तो टोस्ट कोरडा होता, हे मात्र मी अकाउंटंट असल्यामुळे नजरेआड करू शकलो नाही. लोणी त्याच्या बंद यादीत होतं. म्हणजे पाहुणा राहिला, पाहुण्याची मित्रमंडळी गेली.

मी तसंच ठरवलं. पोळ्या चारांच्या दोन केल्या (मी नाही, बायकोने केल्या, डबा भरणं तिच्याकडे आहे). चहातली साखर अर्धी. चिवड्याचा डबा वरच्या फळीवर, जिथे मला पोचायला स्टूल लागतं आणि स्टुलावर चढायचा मला कंटाळा आहे. आणि सकाळी इराण्याकडे जाऊन एक ब्रुन मागवायचा, कोरा.

"मस्का?" त्याने विचारलं.

"नको."

"जाम?"

"नको."

तो मला तीस वर्षं ओळखतो. त्याने ब्रुन पुढे ठेवला, क्षणभर थांबला आणि हळूच विचारलं, "घरमां कोई बीमार छे?"

कोरा ब्रुन म्हणजे काय, हे दातांना पहिल्या दिवशी कळलं. वरचं कवच फुटायला जोर लागतो, आतला भाग चहा मागतो, आणि एक संपवायला वीस मिनिटं लागतात. मस्क्यासकट तो चार मिनिटांत जायचा आणि दुसरा मागवावासा वाटायचा. कोरा दुसरा मागवायची माझी एकदाही छाती झाली नाही.

पंधरा दिवसांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बूट, घड्याळ, पाकीट, किल्ल्या सगळं काढून काट्यावर उभा राहिलो. श्वास सोडून उभा राहिलो, त्याने फरक पडत नाही हे माहीत असून. ८५ किलो ७५०.

"पाव किलो!" बाई खूश झाल्या. "थोडं आहे, पण सुरुवात झाली. बघितलंत, ब्रेड सोडल्यावर कसा फरक पडतो?"

मी काही बोललो नाही. बायको खोकली. मग माझ्या शर्टाच्या खिशावरचा ब्रुनचा चुरा तिने सावकाश बोटांनी झटकला, आणि बाईंना विचारलं, "पुढची तारीख कधीची?"